वस्तूमागील माणसे : संग्रहालयाच्या भेटीतून समतेचा पाठ

खटाव तालुक्यातील प्राथमिक शाळांच्या सहली बहुधा औंधास जातात. यमाईचे दर्शन, डोंगराच्या वाटेवरील श्रीभवानी वस्तुसंग्रहालय, झाडाखाली भोजन आणि सायंकाळी परत, असा कार्यक्रम ठरलेला असतो. संग्रहालयात मुले रांगेने शिरतात, हाताची घडी घालतात, ‘कशास हात लावू नका’ ही सूचना ऐकतात आणि अर्ध्या घटकेत दुसऱ्या टोकास पोहोचतात. दुसऱ्या दिवशी वहीत निबंध उतरतो : संग्रहालय फार मोठे होते, चित्रे फार सुंदर होती, आम्हांस फार आनंद झाला. शुद्धलेखन तपासून आपण खाली सही करतो. मुलाने तेथे काय पाहिले आणि पाहून काय विचार केला, ह्याचा त्या निबंधावरून काहीच बोध होत नाही.

संग्रहालयातील वस्तू समोर ठेवून समता व सामाजिक न्याय ह्यांविषयी मुलांशी कसे बोलता येईल, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय नाजूक आहे म्हणून पुष्कळ शिक्षक तो टाळतात. जे टाळत नाहीत ते त्यावर भाषण करतात. भाषण संपताच मुले एकसुरात ‘हो गुरुजी’ म्हणतात आणि मधल्या सुट्टीत डबे घेऊन पूर्वीच्याच घोळक्यांत जाऊन बसतात. वस्तू समोर असली म्हणजे बोलणे निराळ्या वाटेने सुरू होते. ते कोणा माणसाच्या गुणदोषांपासून नव्हे, तर एका लाकडाच्या, दगडाच्या किंवा कातड्याच्या तुकड्यापासून सुरू होते. त्यामुळे भिडस्त मूलही बोलू लागते.

प्रथम औंधाचेच उदाहरण घेऊ. हे संग्रहालय औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. राजा रविवर्मा, धुरंधर आदी चित्रकारांच्या कृती त्यांनी जमविल्या. हेन्री मूर ह्या विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आज आपल्या माणदेशाच्या वेशीवर उभे आहे, हे पुष्कळ शिक्षकांसही ठाऊक नसते. संग्रह थोर आहे, ह्यात शंका नाही. मुलांनी त्याचा मनमुराद आस्वाद घ्यावा, हे पहिले काम. चित्रासमोर दोन मिनिटे गप्प उभे राहणे ही देखील शिकवावयाची गोष्ट आहे, आणि ती घाईने उरकता येत नाही.

आस्वादानंतर प्रश्न यावेत. ही वस्तू कोणाच्या हातची? चित्राखाली चित्रकाराचे नाव असते. हस्तिदंतावर कोरीव काम करणाऱ्या कारागिराचे, दाराची चौकट घडविणाऱ्या सुताराचे नाव आहे काय? ती कोणासाठी केली, आणि तिचे मोल कोणी दिले? चित्रात कोण आहे, आणि आपल्या ओळखीचे असे कोण त्यात कोठेच नाही? देवता आहेत, राण्या आहेत. मग त्याच डोंगरावर गवताचा भारा बांधणारी बाई कोणाच्या चित्रात सापडते का, पाहा बरे, असे सांगून मुलांस दालनांतून मोकळे सोडावे. ‘शोधा’ म्हटले की मुलांचे डोळे चालू लागतात. ‘पाहा’ म्हटले की पाय चालू लागतात.

ह्याच ठिकाणी एक वादाचा विषय सहज हाती येतो. औंध हे लहान संस्थान होते, बहात्तर खेड्यांचे, आणि ती खेडीही अवर्षणाच्या प्रदेशातील. त्या खेड्यांच्या वसुलातून चित्रे व शिल्पे विकत घ्यावीत, हे योग्य होते काय? सहावी-सातवीचे मूल ह्यावर चांगले बोलू शकते. एक म्हणेल, तेवढ्या पैशात विहिरी झाल्या असत्या. दुसरे म्हणेल, विहीर त्या गावची झाली असती, चित्र मात्र आज आपणही पाहतो आहोत. तिसरे विचारील, तेव्हाच्या शेतकऱ्यास येथे येऊ देत होते का? शिक्षकाने ह्या वादाचा निकाल देण्याची घाई करू नये. मात्र एक माहिती अवश्य पुरवावी. ह्याच राजांनी २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्याची घटना अमलात आणली आणि आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. तिच्या मसुद्यास महात्मा गांधींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद ह्यांचे साहाय्य होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहतही ह्याच राजवटीत १९३९ साली वसली. संस्थान १९४८ च्या मार्च महिन्यात मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे वसूल घेणारा राजा तोच आणि सत्ता सोडणारा राजाही तोच. मुलांस ह्या दोन्ही गोष्टी एकत्र धरता आल्या पाहिजेत. थोरांविषयी कृतज्ञता बाळगणे आणि त्यांच्याकडे हिशेब मागणे ह्यांत विरोध नाही, ही समज निबंधातील ‘फार सुंदर’ ह्या शब्दांहून अधिक मोलाची वाटते.

सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे आली, तेव्हा आपल्या कित्येक शाळांनी मुलांस ती पाहावयास नेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या बोलीने उसनी दिली. सातारनंतर ती राज्यातील अन्य संग्रहालयांत जावयाची, असे ठरले होते. वाघनखांची पेटी सांगते की ती सातारचे रेसिडेंट ग्रँट डफ यांस भेट म्हणून मिळाली. छत्रपतींनी प्रत्यक्ष वापरलेली वाघनखे हीच, असे निश्चयाने सांगता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. बहुतेक ठिकाणी मुलांस अफझलखानाच्या वधाची कथा पुन्हा एकवार सांगण्यात आली. कथा रोमहर्षक आहे आणि ती सांगावीच. पण मुलांपुढे ठेवण्याजोगा खरा प्रश्न त्या ‘भेट’ शब्दात होता. १८१८ मध्ये मराठेशाही बुडाली. तिच्यावर हुकमत चालविणारा इंग्रज अधिकारी सातारला येऊन बसला आणि त्याला आपल्याकडील कोणी मौल्यवान वस्तू दिली. बलवानास दुर्बळाने दिलेली वस्तू कितपत भेट असते? वर्गातील दांडग्या मुलास दुसऱ्याने ‘आपण होऊन’ दिलेल्या पेन्सिलीचे उदाहरण द्या. चौथीचे मूलही क्षणात समजते, आणि समजून थोडे हसते.

इतके होईपर्यंत अडचण येत नाही, कारण राजे आणि इंग्रज दूरचे आहेत. अडचण येते ती गावाजवळ आल्यावर. तेथे शिक्षकाने पाऊल फार जपून टाकले पाहिजे.

एका शाळेत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) ‘आपले गाव, आपला वारसा’ म्हणून मोठ्या उत्साहाने प्रदर्शन मांडले होते. बारा बलुतेदारांचे देखावे होते आणि प्रत्येक देखाव्याशी त्या त्या वेषात एकेक मूल उभे होते. गुरुजींनी कामे वाटताना सोय पाहिली होती. ज्याच्या घरचा जो परंपरेचा व्यवसाय, त्या मुलास ते काम. कुंभाराचा मुलगा चाकापाशी, सुताराचा मुलगा वाकसापाशी, आणि एक हुशार मुलगी हातात झाडू घेऊन एका कडेला. पाहुण्यांनी कौतुक केले, छायाचित्रे निघाली. ती मुलगी पुढचे तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा तिच्या नावाऐवजी मुले तिला वेगळ्याच शब्दाने हाक मारीत होती. गुरुजींच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण प्रदर्शनात वस्तू मांडावयाच्या, त्याऐवजी त्यांनी एक मूल मांडले.

ह्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मोठमोठ्या संग्रहालयांनीही हे केले आहे. मुंबईस राणीच्या बागेत १८७२ साली उघडलेल्या संग्रहालयात (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) तत्कालीन मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या व धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. कारागिरी नामी आहे. पण काचेमागे माणूस उरत नाही, पागोटे उरते. अमक्या पागोट्याचा म्हणजे अमका, एवढेच पाहणाऱ्याच्या ध्यानी राहते. ते संग्रहालय आज पाहताना ‘ही माणसे अशी कोणी मांडली, आणि त्यांस विचारले होते का?’ हा प्रश्न विचारता येतो. वर्गातल्या मुलीबद्दल तो प्रश्न विचारावयाची वेळ येऊ नये.

म्हणून माझ्या मते ह्या पाठाचा एक नियम कडक असावा. प्रश्न वस्तूस विचारावा, मुलास विचारू नये. ‘तुमच्यात हे कसे करतात रे?’ हे वाक्य वर्गात कधीही उच्चारू नये, मग ते कितीही मायेने म्हटलेले असो. एखादे मूल आपण होऊन सांगू लागले तर ऐकावे, आदराने ऐकावे, आणि तेथेच थांबावे. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबाचे मूल चार महिने आपल्या वर्गात बसते. कोयत्याविषयी बोलताना सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळतील, हे आपण आधीच जाणले पाहिजे.

आता वस्तूस प्रश्न विचारावयाचा म्हणजे काय, ते एका जवळच्या वस्तूवरून पाहू. मोट आज चालत नाही. तरी तिचे चाक, कणा किंवा लोखंडी कडे अजून एखाद्या गोठ्याच्या आढ्याला सापडते. ते वर्गात आणावे आणि मोट कशी चाले हे आधी नीट शिकवावे. धाव कोणत्या बाजूस उतरती असते व का, नाडा जाड का आणि सोंदूर बारीक का, बैल धावेच्या टोकाशी पोहोचताच मोटेची सोंड थारोळ्यात कशी मोकळी होते, हे फळ्यावर आकृती काढून दाखवावे. यंत्र म्हणून मोट फार सुरेख आहे. विज्ञानाचा तास त्यातच जाईल, जाऊ द्यावा. मुलांस मोटेविषयी आदर वाटू लागला म्हणजे पुढचे बोलणे पेलते.

मग विचारावे : ही घडविण्यास किती हात लागले? चाक सुताराचे, कडे लोहाराचे. मेलेले जनावर ओढून नेणारे कोण, कातडे कमावणारे कोण, ते शिवणारे कोण, नाडा वळणारे कोण? ही सारी कामे ज्ञानाची होती. कातडे किती दिवस भिजवावे, टाका कसा घालावा म्हणजे पाणी झिरपणार नाही, हे पुस्तकात लिहिलेले नव्हते. त्या हातांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. आणि एवढे झाल्यावर शांतपणे पुढचे वाक्य सांगावे. ज्या हातांनी शिवलेल्या कातड्यातून आलेले पाणी मळ्यास चालत होते, त्या हातांनी काढलेले पाणी घरात चालत नव्हते. गावच्या पाणवठ्यावर त्या हातांस मज्जावही होता. हे सांगून थोडे थांबावे. मुले स्वतःच ‘का?’ विचारतात. तो ‘का’ मुलांच्या तोंडून येणे, हाच पाठाचा गाभा होय. शिक्षकाने तो आधीच उच्चारला तर तो त्याचा राहतो.

उत्तर देण्यास आपल्या तालुक्यातच पुरेसे साधन आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या पूर्वजांचे गाव कटगुण आपल्याच तालुक्यात. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यात. जोतीरावांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या बालविद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ती आपल्या वर्गातील मुलींहून फार मोठी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. ही नावे मुलांस पाठ असतात. मोट मध्ये ठेवली म्हणजे ती नावे पाण्याशी जोडली जातात.

येथे एक भेद शिक्षकाच्या मनात स्पष्ट असावा. राजाने चित्रे घ्यावीत की विहिरी खणाव्यात, ह्याला दोन बाजू आहेत आणि मुलांनी दोन्ही बाजूंनी भांडावे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते काय, ह्याला दोन बाजू नाहीत. ‘तुम्हांस काय वाटते?’ असे म्हणून तो विषय मतदानास टाकणे, हा ज्या मुलाचे आजोबा त्या पाणवठ्यापासून दूर उभे राहिले त्याचा अपमान आहे. तेथे शिक्षकाने तटस्थ राहू नये. संविधानाचे नाव घेऊन स्वच्छ बोलावे. मुलांकडून कधी असाही शब्द येतो की ‘आमच्या गावात अजून तसेच आहे’. तो दडपू नये, आणि त्या मुलाकडून नावेही काढून घेऊ नयेत. ‘तसे असेल तर ते कायद्याविरुद्ध आहे आणि चूक आहे,’ एवढे सर्वांसमक्ष म्हणावे. मुलास तेवढा आधार पुरतो. पुढचे काम मोठ्यांचे आहे आणि ते आपण शाळेबाहेर करावे.

सहल काढणे प्रत्येक शाळेस शक्य नाही, हे मी जाणतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरते संग्रहालय चालविले आहे. पण प्रत्येक वाडीवर ते कसे पोहोचावे? तथापि प्रत्येक शाळेच्या कपाटात एक संग्रहालयाच्या तोडीची वस्तू पडून आहे : दाखल-खारिजाची जुनी नोंदवही. सातारच्या प्रतापसिंह हायस्कूलने अशीच एक नोंदवही जतन केली आहे. तीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव १९१४ ह्या क्रमांकावर दाखल आहे. त्या दिवसाचे स्मरण म्हणून राज्यात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. मात्र नोंदवहीत सगळे नसते. बसावयाचे गोणपाट घरून आणावे व परत न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी पिता येत नसे, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. सरकारी रकान्यात गोणपाटास जागा नव्हती. ज्याची नोंद नाही ते घडले नाही असे नव्हे, हे मुलांस ह्याहून सोप्या रीतीने दाखविता येणार नाही.

आपल्या शाळेची नोंदवही मुलांच्या हाती मात्र देऊ नये. तीत जातीचे रकाने आहेत, गावातील जिवंत माणसांची नावे आहेत, कोण कितव्या इयत्तेत नापास झाले हेही आहे. शिक्षकाने स्वतः वाचून केवळ संख्या फळ्यावर लिहाव्यात. शाळेत पहिली मुलगी कोणत्या साली आली? त्या साली मुले किती होती? दहा वर्षांनी मुली किती झाल्या? चौथीपूर्वी किती मुलींनी शाळा सोडली, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे? ‘घरकाम’ हा शब्द एकाखाली एक दिसू लागला की मुली एकमेकींकडे पाहतात. त्या दिवशी घरी पाणी कोणी भरले, भांडी कोणी घासली, ह्याची नोंद मुलामुलींनी आठ दिवस करावी आणि पुन्हा संख्याच मांडाव्यात. लहान वस्तीच्या शाळेत नुसत्या संख्येवरूनही घर ओळखू येते. तेथे संख्याही सांगू नये. शेजारच्या मोठ्या शाळेची घ्यावी.

शाळेत वस्तूंचा लहानसा कोपरा मांडावयाचा झाल्यास पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी दिवे, अडकित्ते, वज्री अशा रोजच्या वापरातील वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव संग्रहास दिले. राजवाड्यातील तलवारीइतकाच स्वयंपाकघरातील अडकित्ता जपण्याजोगा आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्या कोपऱ्यातही जाते, पाटी, घोंगडी, विळा ह्यांस जागा असावी. वस्तू कोणत्याही आळीतून यावी, पण ‘अमक्या समाजाची वस्तू’ असा कागद तिच्यावर चिकटवू नये.

तो कागद मुलांनी लिहावा. त्यात वस्तूचे नाव, ती कशाची केली आहे, ती काय काम करी, ती घडविण्यास कोणकोणते कौशल्य लागे, आणि ती कोणी वापरावयास दिली हे असावे. देणाऱ्याचे नाव त्यास विचारूनच लिहावे. एका कागदावर पाच ओळींहून अधिक मजकूर नको. लहान मुले अधिक वाचीत नाहीत, पाहुणे तर मुळीच वाचीत नाहीत. पालकसभेच्या दिवशी कोपरा खुला ठेवून वस्तूंविषयी मुलांनीच बोलावे, आणि कोण कशाविषयी बोलणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

उसन्या आणलेल्या वस्तूंची एक वही ठेवावी. आणल्याची तारीख, परत करावयाची तारीख आणि देणाऱ्याची सही तीत असावी. परत करावयास शिपायास किंवा एकट्या शिक्षकास न पाठविता दोन मुले व शिक्षक मिळून जावे, त्या घरी बसावे आणि घरच्यांनी वस्तूविषयी आणखी काही सांगितले तर ते त्याच पानावर उतरवून घ्यावे.